कॉन्सर्ट रिव्ह्यू: सगळी नवी मराठी गाणी, आणि शब्द शोधत फिरणारा मी

आधीच सांगून टाकतो, मी काही संगीतातला जाणकार वगैरे नाही, अकाउंट्समधला माणूस आहे, वय पंचेचाळीस, गाणी ऐकतो ती गाडीत आणि भांडी घासताना. तर गेल्या शनिवारी भाचीनं मला एका मराठी पॉप कॉन्सर्टला ओढून नेलं. अट एकच, स्टेजवर जो येईल त्यानं फक्त स्वतःचं गाणं म्हणायचं, म्हणजे कव्हर नाही, जुन्या गाण्यांचा रिमिक्स नाही, 'आता लता दीदींना आदरांजली' नाही, काही नाही. चार जण, जवळपास सव्वातीन तास, आणि मला त्यातलं एकही गाणं आधी माहीत नव्हतं. असा कार्यक्रम मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असेन. आपण एरवी जातो ते माहीत असलेलं परत ऐकायलाच ना.

जागा म्हणजे म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रोडवरचं एक लॉन. पुण्यातल्या लोकांना कळलंच असेल, जिथं आपण आयुष्यभर लग्नांना जाऊन पनीर आणि जिलबी खाल्ली त्यातलंच एक, नाव मुद्दाम देत नाही कारण पुढं तक्रारी आहेत. गेटवर फुलांची कमान तशीच होती, सकाळचं लग्न उरकलं असावं, 'चि. सौ. कां.' लिहिलेला बोर्ड भिंतीला उलटा टेकवून ठेवला होता. भाची म्हणाली, "मामा फोटो काढ ना, कसलं इंडी आहे हे." म्हणलं बरं.

तिकिटाचं सांगतो कारण तो माझा प्रांत आहे. तिकीट ४९९, अ‍ॅपवर शेवटच्या पानावर पोचेपर्यंत कन्व्हिनियन्स फी ३५ आणि त्या फीवर जीएसटी सहा रुपये तीस पैसे, असे माणशी ५४० रुपये ३० पैसे. भाची म्हणाली लूट आहे. मी म्हणलं अगं ४९९ का ठेवलंय ते बघ की, गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट ५०० पर्यंत असेल तर त्यावर जीएसटीच नाही, ५०० च्या वर गेलं की पूर्ण रकमेवर १८ टक्के. म्हणजे आयोजकानं लोभ करून ५०१ केलं तर लोकांना ते ५९१ ला पडणार आणि त्याच्या हातात जास्तीचे फक्त दोन रुपये. पुढं उभं राहायचं 'फॅन पिट'चं तिकीट ९९९ होतं, ते टॅक्स धरून जवळजवळ ११७९. आम्ही मागचं घेतलं, आणि ते बरंच झालं, का ते पुढं येईल.

वेळ लिहिली होती साडेपाच. आम्ही बावळटासारखे सव्वापाचला हजर. गेटवर पाण्याची बाटली काढून घेतली, आत तीच बाटली ५० ला, यात नवीन काही नाही. साडेपाचला स्टेजवर एक माणूस 'चेक, चेक, वन टू' करत होता, सहाला पण तोच, साडेसहाला पण तोच, आणि माणूस बोअर होऊन शेवटी 'चेक, चेक, आमटी भात' म्हणायला लागला तर त्याला दिवसातल्या पहिल्या टाळ्या पडल्या. सुरू झालं सहा चाळीसला. एक तास दहा मिनिटं उशीर. आता यात नुसता आमचा वेळ जात नाही, कारण उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करावाच लागतो, २००० सालचे नियम आहेत आवाजाचे, गणपती-नवरात्रात सरकार मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, पण डिसेंबरातल्या शनिवारी कोण देणार. म्हणजे सुरुवातीला खाल्लेला वेळ शेवटच्या बँडच्या ताटातून गेला. हे आयोजकांना माहीत नसतं असं थोडंच आहे.

गर्दी साधारण हजार-बाराशे असेल, माझा अंदाज, लग्नाच्या पंगतींवरून लावलेला. बहुतेक कॉलेजची पोरं, काही आयटीवाले, आणि माझ्या वयाचे आठ-दहा, आम्ही एकमेकांना ओळखून मान हलवत होतो. एका पोरानं मला "काका जरा फोन धरता का" म्हणून दिला आणि मैत्रिणीला खांद्यावर घेतलं. धरला. काका म्हणून घ्यायची सवय झालीय आता.

पहिला बँड पुण्याचाच, पाच जण, फिरोदिया करंडकात, म्हणजे कॉलेजांच्या त्या स्पर्धेत वगैरे तयार झालेली पोरं असणार, कारण स्टेजवर उभं राहायची भीती अजिबात नव्हती आणि दोन गाण्यांमध्ये बोलणं पण नीट बसवलेलं. ड्रम, बेस, दोन गिटार आणि गाणारा. वाजवलं खणखणीत. अडचण अशी की मला गाणं ऐकू येत होतं, शब्द येत नव्हते. म्हणजे आवाज भरपूर, छातीत धडधड होत होती, प्लास्टिकच्या ग्लासमधलं पाणी थरथरत होतं, आणि गाणारा काय म्हणतोय ते मात्र जाड गोधडीतून आल्यासारखं. त्यांच्या तिसऱ्या गाण्याची ओळ पुन्हा पुन्हा येत होती आणि मला स्पष्ट ऐकू आलं, 'आज पाणी नाही, आज पाणी नाही'. म्हणलं वा! पुण्यात गुरुवारच्या पाणीबंदीवर कुणीतरी गाणं केलं, कसला विषय निवडलाय, हे खरं लोकल. मी एकदम खूष, दाद देतोय, शेजारच्या मुलीकडं बघून 'क्या बात है' करतोय. गाणं संपल्यावर भाचीला म्हणलं पाण्यावरचं भारी होतं. ती माझ्याकडं बघतच राहिली. "मामा, 'आज कोणी नाही' आहे ते. ब्रेकअपचं गाणं आहे."

हसून हसून पुरे झालं, पण मग माझ्या डोक्यात तेच बसलं आणि पुढचा सगळा कार्यक्रम मी त्याच कानानं ऐकला. बघा ना, आपण जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाला जातो तेव्हा साउंड कसाही असला तरी चालून जातं, कारण शब्द आपल्याला पाठ असतात, गायकानं तोंड उघडलं की उरलेलं आपणच मनात भरतो, माईक बंद पडला तरी सभागृह ओळ पुरी करतं. नव्या गाण्याला ती सोय नाही. ते एकदाच येणार, त्या एका फटक्यात शब्द कानात पडले तर पडले, नाहीतर तुमच्यापुरतं ते गाणं झालंच नाही. म्हणजे ज्या कार्यक्रमात सगळं नवं आहे तिथं साउंड सगळ्यात चोख पाहिजे, आणि इथं नेमका लग्नातला साउंड लावला होता.

लग्नातला म्हणजे काय तर संगीत आणि डीजेचा. त्याला हवा असतो ठोका, म्हणून खाली मोठमोठे बेसचे डबे, दोन्हीकडं चार-चार, आणि त्यावर बसवलेले टॉप, म्हणजे बारीक आवाजाचे वरचे स्पीकर, जेमतेम माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. बेसचा आवाज कसाही पसरतो, भिंतीतून, माणसांतून, पलीकडच्या सोसायटीत पण जातो. पण त, थ, क, च, स ही जी अक्षरांची टोकं असतात ना, ज्यानं 'कोणी' आणि 'पाणी' वेगळं होतं, ती बारीक वरच्या सुरातली, ती सरळ रेषेत जातात आणि पुढच्या दहा रांगांतल्या डोक्यांनी आणि जॅकेटांनी खाऊन टाकली जातात. म्हणून टॉप वर टांगायचे असतात. हे ज्ञान मला त्याच रात्री मिळालं, कुणाकडून ते सांगतो.

पण आधी दुसरा. कोल्हापूरचा रॅपर. एकटाच, मागं एक लॅपटॉपवाला. चालण्यातच एवढा रुबाब की पोरं आधीच ओरडायला लागली. आणि यानं काय केलं, माईकची जाळी पूर्ण मुठीत धरली, ती रॅपर लोकांची स्टाइल असते ना तशी. झालं, आवाज डब्यात बोलल्यासारखा, आणि वर शिट्टी वाजायला लागली, कान फाटायची वेळ. रॅपमध्ये तर शब्दच सगळं असतं राव, सुरावट नसते मागं लपायला. दोन गाणी अशी गेली. मग साउंडवाल्यानं मागून टॉर्च मारून हातानं खूण केली, मूठ खाली घे, आणि त्यानं घेतली. लगेच फरक पडला. एकदम काचेवरची वाफ पुसल्यासारखं कोल्हापुरी बाहेर आलं, 'ळ' अख्खा, 'ण' अख्खा, चाकातला 'च' वेगळा आणि चहातला वेगळा. तालमीच्या मातीवर एक गाणं होतं आणि एक भावाच्या उधारीवर, आणि उधारीवरच्या गाण्यात त्यानं हिशोब इतका अचूक मांडला होता की मी अकाउंटंट म्हणून उभा राहून टाळ्या वाजवल्या. व्याज पण बरोबर होतं.

तर या टॉर्चमुळं मला कळलं साउंडवाला कुठं बसलाय. मधोमध, स्टेजपासून बरंच मागं, एक छोटा मांडव, त्यात तो कन्सोल, म्हणजे ते शेकडो बटणांचं टेबल. मी वडापाव घेऊन (८० रुपये, गार, चटणी बरी) तिकडं सरकलो, आणि काय सांगू, दहा पावलांत गाणं बदललं. तिथं शब्द येत होते. सगळे नाही, पण दहातले सात-आठ. मांडवाच्या दोरीशी उभ्या असलेल्या त्याच्या हाताखालच्या पोराला विचारलं असं कसं, तर तो हसला. म्हणाला काका, दादा जे ऐकतोय त्यावरच तो बटणं फिरवतोय ना, मग इथं चांगलं लागणारच. टॉप वर टांगण्याचं पण त्यानंच सांगितलं, आणि म्हणाला लॉनला ट्रस, म्हणजे स्पीकर टांगायचा सांगाडा, उभा करायचा खर्च परवडत नाही म्हणून खालीच ठेवलेत. मग मी भाचीला बोलावून घेतलं आणि उरलेला कार्यक्रम आम्ही तिथंच ऐकला. तर या अख्ख्या रिव्ह्यूमधनं एकच गोष्ट नेणार असाल तर ही न्या, नवी गाणी ऐकायला गेलात की पुढं घुसू नका, कन्सोलचा मांडव शोधा आणि त्याच्यासमोर उभे राहा. ९९९ वाले पुढं बेसच्या डब्यांशी उभे होते, त्यांनी सगळ्यात जास्त पैसे देऊन सगळ्यात कमी शब्द ऐकले.

तिसऱ्या दोघी मुली, नाशिकच्या. एक गिटार, एक हार्मोनियम, बास. ड्रम नाही, लॅपटॉप नाही. मला वाटलं आता पोरं चहा प्यायला जाणार. पण या दोघींनी एक गोष्ट केलेली होती, गाणी सुरू व्हायच्या आधी चार व्हॉलंटियर गर्दीत फिरले आणि त्यांनी झेरॉक्स वाटल्या. ए-फोरचा कागद, दोन्ही बाजूंनी, पाच गाण्यांचे शब्द. टायपिंगच्या चुका होत्या, एका ठिकाणी 'काळजी'चं 'काजळी' झालेलं आणि ते वाचायला जास्तच छान लागत होतं. मग हजार लोकांनी फोनचे टॉर्च लावले, पण हवेत हलवायला नाही, कागद वाचायला. खाली बघून वाचतायत आणि वरून गाणं येतंय. मला ते दृश्य फार आवडलं. प्रार्थनेच्या वेळी शाळेत पुस्तक धरून उभे राहायचो तसं काहीतरी.

त्यांचं शेवटचं गाणं भाडेकरारावर होतं. अकरा महिन्यांचा करार. पुण्या-मुंबईत भाड्यानं राहिलेल्यांना सांगायला नको, दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवं भाडं, नाहीतर सामान बांधा. गाण्यातला मुलगा आणि मुलगी एकमेकांशी तसा करार करतात, डिपॉझिट काय ठेवायचं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, नोटीस एक महिन्याची. पहिल्या कडव्याला लोक खो खो हसत होते, 'पाहुणे रात्री दहानंतर नकोत' ला तर शिट्ट्या. दुसऱ्यात हसणं कमी झालं. तिसऱ्यात मुलगी रिकाम्या खोलीत मीटरचं शेवटचं रीडिंग लिहून घेते, तिथं हार्मोनियम थांबली आणि नुसता आवाज राहिला, आणि एवढ्या मोठ्या लॉनवर पलीकडच्या रस्त्यावरचे रिक्षाचे हॉर्न ऐकू यायला लागले. भाचीनं माझा दंड धरला. ती स्वतः जूनमध्ये फ्लॅट बदलणार आहे, मैत्रिणीशी भांडण झालंय, मला तेव्हा माहीत नव्हतं.

बरं, हे छापील शब्द वाटणं म्हणजे काही त्या पोरींचा शोध नाही, ही पुण्याचीच जुनी रीत आहे. १९५५ मध्ये रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं ते काय होतं? दर आठवड्याला गदिमांनी लिहिलेलं, बाबूजींनी चाल लावलेलं एक नवं कोरं गाणं, वर्षभरात ५६. कुणालाही आधी पाठ नाही, कुणी कधी ऐकलेलं नाही. आज आपण ते 'जुनं' म्हणून ऐकतो, पण त्या आठवड्यात ते नवंच होतं, आणि पेपरात त्याचे शब्द छापून यायचे. माझी आई तेव्हा सात-आठ वर्षांची, सदाशिव पेठेत वाड्यात, रेडिओ एकाच बिऱ्हाडात, सगळे तिथं जमायचे आणि नंतर पेपरातलं कात्रण कापून वहीत. म्हणजे लोकांना नवं गाणं नको असतं हे जे आपण म्हणतो ना ते काही खरं नाही. नवं गाणं हातात पोचवावं लागतं. तेव्हा पेपर होता, इथं झेरॉक्स. आयोजकांनी चारही जणांचे शब्द एका क्यूआर कोडवर टाकले असते आणि तो कोड खुर्च्यांवर चिकटवला असता तर खर्च किती आला असता, दोनशे रुपये? स्पॉन्सरच्या बँकेच्या कर्जाची पत्रकं मात्र प्रत्येक खुर्चीवर होती.

मग मोठा बँड आला, ज्याच्यासाठी बहुतेक लोक आलेले. नऊ वाजता. त्यांचा सेट पावणेदोन तासांचा ठरला होता म्हणे, मिळाली अठ्ठावन्न मिनिटं. नाव घेत नाही पण ज्यांना कळायचं त्यांना कळेल, मोबाईलवर त्यांची गाणी भरपूर चालतात. पहिल्या गाण्याच्या पहिल्या सुराला जो आवाज उठला तो मी फक्त ढोल-ताशाच्या मिरवणुकीत ऐकलाय. आणि इथं गंमत बघा, आता शब्द ऐकू यायचा प्रश्नच मिटला कारण हजार लोक गात होते. भाचीला प्रत्येक ओळ पाठ. प्रत्येक. मी तिला लहानपणी पाढे शिकवलेत, सोळाच्या पुढं कधी गेली नाही ती. तिच्यासाठी हे नवं संगीत नव्हतंच, तिच्यासाठी ते माझ्या भावगीतांसारखं होतं, दोन वर्षं कानात घेऊन झोपलेलं. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहून दोन वेगळे कार्यक्रम ऐकत होतो.

मध्ये एक माणूस, वयानं माझ्याएवढाच, मला लाज वाटली, सारखा ओरडत होता, "हिंदी होऊ द्या एखादं! जुनं!" दोनदा, तीनदा. मग दुसरीकडून 'गुलाबी साडी'ची फर्माईश आली. आता ते गाणं २०२४ मध्ये रीलवर देशभर गेलं हे खरंय आणि त्याचा मला अभिमानही आहे, जळगावकडच्या पोरानं मराठीत केलेलं गाणं ज्यांना मराठीचा म कळत नाही ते नाचतायत, त्याच वर्षी 'तांबडी चामडी' वर पण तेच झालं. पण ते दुसऱ्याचं. गाणारी मुलगी थांबली, पाणी प्यायली, आणि शांतपणे म्हणाली, दादा ते घरी जाताना गाडीत लावा, आज आमचं ऐकून घ्या. टाळ्या. दादा गप्प. नंतर वडापावच्या रांगेत दिसले, नाचत होते.

वाजवण्याबद्दल मला फार कळत नाही तरी सांगतो, त्यांचा बेसवाला भन्नाट होता आणि ड्रमर ढोलकीचा ठेका ड्रमवर असा आणायचा की पाय आपोआप लावणीच्या चालीत पडायचे. एक गाणं मात्र मला अजिबात आवडलं नाही, त्यात 'स्वप्न', 'क्षितिज', 'पंख', 'आभाळ' असे सगळे पाहुणे एकाच कडव्यात बोलावलेले. मराठी गाणं म्हणलं की हे चौघं येणारच का? शेजारी नाशिकच्या पोरी मीटरचं रीडिंग लिहितायत आणि तुम्ही अजून क्षितिजावर. भाचीला हे सांगितलं तर तिनं माझ्याशी पुढची दोन गाणी बोलणं सोडलं.

नऊ छप्पन्नला एक माणूस स्टेजच्या कडेला येऊन घड्याळ दाखवायला लागला. नऊ अठ्ठावन्नला माईक बंद. गाण्याच्या मधोमध. बँडच्या तोंडावरचे भाव बघवत नव्हते. पण पोरांनी ते गाणं पुरं केलं, माईक नाही, बेस नाही, काही नाही, नुसतं लॉनवर उभं राहून शेवटचं कडवं म्हणलं, ड्रमर काठ्या एकमेकांवर आपटून ठेका देत होता. आणि त्या रात्रीत पहिल्यांदा मला एका गाण्याचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला. लाऊडस्पीकर बंद झाल्यावर.

बाकीचं पटकन. टॉयलेट तीन, माणसं बाराशे, गणित करा. नदी शेजारीच, डास भरपूर, फुल बाह्यांचं घालून जा. टू-व्हीलर पार्किंग ३० रुपये आणि बाहेर पडायला पाऊण तास कारण गेट एकच उघडं ठेवलेलं, वरातीला एक गेट पुरतं म्हणून. नळ स्टॉपला मेट्रोनं उतरून रिक्षानं आलेले आमच्या आधी घरी पोचले असतील. कार्यक्रमात कॅसेट-सीडीच्या जमान्यासारखं विकायला काही नव्हतं, फक्त टी-शर्ट, ७९९ चा. मी विचारलं गाण्यांची वही आहे का शब्दांची, शंभर रुपये देतो, तर स्टॉलवरच्या मुलानं माझ्याकडं मीच एखादा जुना शब्द असल्यासारखं बघितलं. अरे शंभरला काढा, लोक घेतील, छपाई वीस रुपयांत होते.

स्टार द्यायचे तर गाण्यांना साडेचार, साउंडला दोन, वेळेला शून्य, नाशिकच्या दोघींना सहा. सरासरी काढू नका. ५४० रुपये ३० पैशांत परत जाईन का, तर हो, फक्त सहाला जाईन, डबा खाऊन जाईन आणि सरळ कन्सोलपाशी जाईन.

रविवारी सकाळी आई चहा घेत होती तेव्हा तिला तो झेरॉक्सचा कागद दाखवला, वड्याचा तेलाचा डाग पडला होता कोपऱ्यात. तिनं चष्मा लावला आणि करारवालं गाणं पूर्ण वाचलं, ओठ हलवत, मग परत एकदा. म्हणाली, "शब्द बरे आहेत रे. पण अकराच महिने का?" म्हणलं पूर्ण वर्षाचा केला तर भाडेकरू हलणार नाही अशी मालकांना भीती. ती म्हणाली मग बरोबर लिहिलंय पोरींनी. आणि कागद माझ्यापुढं सरकवला, "म्हण, चाल कशी आहे?"

आणि मला चाल आठवेना. हार्मोनियम कुठं थांबली ते आठवतंय, हॉर्न आठवतायत, पण चाल नाही. तोंड उघडलं आणि जे आलं ते पाणीपुरवठ्याचं होतं. भाचीला मेसेज केला, लिंक पाठव ना त्या गाण्याची, आज्जीला ऐकायचंय. तिचं उत्तर दुपारी आलं, मामा ते अजून रिलीजच नाही झालं, त्या बोलल्या होत्या ना स्टेजवरून, तू वडापाव आणायला गेला होतास.

आईनं कागद घडी घालून पंचांगात ठेवलाय.